क्रूझआधीची कोविड चाचणी: निगेटिव्ह येऊन भागत नाही, अहवाल ग्राह्य ठरावा लागतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या आसपास, कोल्हापूरहून मुंबईला येऊन सिंगापूरला जाणार आणि तिथून चार रात्रींची क्रूझ घेणार. क्रूझ कंपनीच्या अटींमध्ये तुम्हाला एक वाक्य सापडलं, की कंपनीने मागितल्यास प्रवाशाने मान्य कोविड चाचणीचा निगेटिव्ह अहवाल दाखवावा. एजंट म्हणतो काही लागत नाही. जवळची लॅब म्हणते रॅपिड करून देतो, ती चालते. मग मान्य चाचणी म्हणजे नेमकी कोणती, ती कधी आणि कुठे करायची, आणि बंदरावरून परत पाठवलं तर काय, असं तुम्ही विचारलं आहे.

मी मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. कोविडच्या काळात पुण्यातल्या एका खासगी लॅबमध्ये परदेशी जाणाऱ्या प्रवाशांचे अहवाल माझ्या सहीने बाहेर पडत होते. त्या काळात विमानतळावरून येणारे रडवेले फोन इतके घेतले आहेत, की या विषयावर मोघम उत्तर द्यायला मन धजत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर. भारतातून सिंगापूरला जायला आज कोविड चाचणी लागत नाही. लस न घेतलेल्यांवरची चाचणीची अटसुद्धा सिंगापूरने १३ फेब्रुवारी २०२३ पासून काढून टाकली. भारतात परत येतानाही लागत नाही. परदेशातून येणाऱ्यांना एअर सुविधा या सरकारी पोर्टलवर भरावं लागणारं स्वयंघोषणापत्र २२ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झालं. म्हणजे देशांच्या नियमांपुरतं एजंटचं बरोबर आहे. पण तुमच्या हातातलं वाक्य देशाचं नाही, जहाजाच्या कंपनीचं आहे. कंपनीने तो हक्क स्वतःकडे राखून ठेवला आहे आणि कोविडची लाट आली किंवा एखाद्या बंदराने अट घातली, तर ती तो वापरू शकते. त्यामुळे 'काही लागत नाही' हे उत्तर तारखेसकट आणि कंपनीकडून लेखी आलं तरच त्यावर विसंबा. एजंटच्या तोंडी आश्वासनाचा बंदरावर काही उपयोग होत नाही.

आता मूळ मुद्दा. चाचणी निगेटिव्ह येणं आणि अहवाल ग्राह्य ठरणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली लॅबमध्ये ठरते, दुसरी चेक-इन काउंटरवर. काउंटरवरची व्यक्ती डॉक्टर नसते, तिला तुमच्या तब्येतीशी घेणंदेणं नसतं. तिच्यासमोर संगणकावर टिमॅटिक नावाची माहितीप्रणाली उघडलेली असते. कोणत्या देशात शिरायला कोणती कागदपत्रं लागतात ते बहुतेक विमान कंपन्या त्यातच बघतात. अपुऱ्या कागदांवर प्रवासी नेला तर भुर्दंड कंपनीला बसतो, म्हणून संशय आला की ती व्यक्ती 'नाही' म्हणते. माझ्या पाहण्यात विमान चुकलेले जवळजवळ सगळे जण निगेटिव्हच होते. अडली होती ती वेळ, नाव किंवा चाचणीचा प्रकार.

यात सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

भारतातल्या लॅबच्या अहवालावर तीन वेळा छापलेल्या असतात: नमुना घेतल्याची, नमुना लॅबमध्ये पोचल्याची आणि अहवाल दिल्याची. बहुतेक देशांनी घड्याळ मोजलं ते नमुना घेतल्यापासून. लोक मात्र मोबाइलवर पीडीएफ आली तेव्हापासून मोजायचे. घरून नमुना घेतला असेल तर आणखी एक घोळ. लॅबचा मुलगा संध्याकाळी सातला घरी येऊन स्वॅब घेऊन जातो, पण लॅबच्या संगणकात नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी होते आणि 'नमुना घेतल्याची वेळ' म्हणून तीच छापली जाते. कधी उलटही होतं: घरी येण्याची वेळ ठरवतानाच नोंद पडते आणि नमुन्याला कागदावर आदल्या दिवसाची तारीख लागते. म्हणून स्वॅब घेताना त्या मुलाच्या हातातल्या फॉर्मवर खरी तारीख-वेळ लिहून घ्यावी आणि अहवालावर तीच आली आहे ना, ते अहवाल येताच बघावं. दोन दिवसांनी विमानतळावरून फोन आला तर लॅबलाही नोंदी तपासून दुरुस्ती करायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट मुंबईच्या विमानांची. आपल्याकडून परदेशी जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. घरात सगळे म्हणतात 'शनिवारी रात्रीचं विमान', तिकिटावर असतं रविवार पहाटे दोन. हा फरक किती महाग पडायचा ते अमेरिकेच्या नियमावरून सांगतो. २६ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेला विमानाने जाणाऱ्याला सुटण्याआधीच्या तीन दिवसांतली चाचणी लागायची. ६ डिसेंबर २०२१ पासून ती मुदत एका दिवसावर आली आणि १२ जून २०२२ ला अट उठली. त्यातला 'एक दिवस' म्हणजे चोवीस तास नव्हते, कॅलेंडरवरचा दिवस होता. रविवारी पहाटे दोनच्या विमानासाठी शनिवारी उजाडता किंवा मावळता, कधीही नमुना दिला तरी चालत होतं. पण विमान शनिवारचंच धरून शुक्रवारी संध्याकाळी निवांत नमुना देऊन आलेल्या माणसाचा अहवाल बाद. दुबईचा हिशोब याच्या उलट, घड्याळाचा. नमुना घेतल्यापासून विमान सुटेपर्यंत ४८ तास. रविवारी पहाटे चारचं विमान असेल तर शुक्रवारी पहाटे चारच्या आधीचा नमुना चालत नव्हता. गुरुवारी रात्री दिलेला नमुना बोलताना 'दोन दिवस आधीचा' वाटतो, घड्याळात बसत नाही.

तेव्हा मुदत तासांत आहे की दिवसांत, आणि ती कोणत्या क्षणापासून मागे मोजायची, हे दोन प्रश्न आधी सोडवा. विमान बदलून जायचं असेल तर तिसराही प्रश्न येतो: पहिलं विमान धरायचं की शेवटचं? अमेरिकेच्या नियमात सगळा प्रवास एकाच बुकिंगमध्ये असेल आणि मधला कोणताही थांबा चोवीस तासांहून मोठा नसेल, तर पहिल्या विमानापासून मोजायचे. दोन वेगळी तिकिटं काढून पैसे वाचवणाऱ्यांना हा नियम आडवा आला, कारण त्यांचं मोजमाप मधल्या विमानतळापासून सुरू झालं आणि अहवाल तिथे पोचेपर्यंत शिळा झाला.

क्रूझमध्ये हा गुंता हमखास येतो. कंपनी मोजते जहाजावर चढण्याच्या वेळेपासून. तुमचे आई-बाबा क्रूझच्या दोन-तीन दिवस आधी सिंगापूरला पोचून शहर बघणार असतील, तर कोल्हापुरात केलेली चाचणी विमानासाठी ताजी असूनही जहाजासाठी शिळी ठरू शकते. अशा वेळी चाचणी सिंगापुरातच, जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी करावी लागते. तेव्हा कंपनीने अट घातलीच, तर ती चाचणी तिथे कुठे करून मिळेल हेही कंपनीलाच विचारा. काही कंपन्या अशा काळात बंदरावर स्वतःच चाचणी घेत होत्या.

आता नाव. हा खास आपला, मराठी माणसाचा प्रश्न आहे. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. समजा पासपोर्टवर 'सुनीता वसंतराव' आणि आडनावाच्या रकान्यात 'पाटील' आहे. लॅबच्या काउंटरवर बाई म्हणतात 'सुनीता पाटील', मुलगी ते तसंच टाइप करते, पुढे 'मिसेस' लावते. आधारकार्डावर इंग्रजी स्पेलिंगच निराळं. लग्नाआधी काढलेला पासपोर्ट असेल तर आडनावच निराळं. भारतात राहणाऱ्या माणसाला यातलं काहीच खटकत नाही. परक्या देशातल्या काउंटरवर मात्र ही दोन माणसं वाटतात. अहवालावर पासपोर्ट नंबर छापलेला असला की यातलं निम्मं भांडण मिटतं, कारण नावातल्या किरकोळ फरकाकडे मग बहुतेक जण दुर्लक्ष करतात. म्हणून लॅबमध्ये आधार नेऊ नका, पासपोर्ट न्या. पासपोर्टचं पहिलं पान समोर ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख छापायला सांगा. पैसे भरून पावती हातात आली की तिथेच उभं राहून ती वाचा. पावतीत जे आहे तेच अहवालात उतरतं.

जन्मतारखेबद्दलही एक सूचना. ०३/०४ हे आपल्याला तीन एप्रिल, अमेरिकेतल्या माणसाला चार मार्च. महिना अक्षरांत छापता येत असेल तर तसाच छापून घ्यावा. नमुन्याच्या तारखेलाही हेच लागू.

चाचणीचा प्रकार. तुमच्या लॅबने 'रॅपिड करून देतो' म्हटलं, त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येऊ शकतात. एक रॅपिड अँटिजेन: नाकातला स्वॅब पट्टीवर, पंधरा-वीस मिनिटांत रेषा. ही विषाणूचं प्रथिन ओळखते. दुसरी जलद मॉलिक्युलर चाचणी: जीनएक्सपर्ट, किंवा गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट. या विषाणूचा आरएनएच शोधतात आणि साधारण तासाभरात निकाल देतात. नेहमीच्या आरटी-पीसीआरला याहून बराच वेळ लागतो, कारण तिथे आधी नमुन्यातून आरएनए वेगळा काढायचा, मग ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये बरेच नमुने एकदम लावायचे आणि मशीनची आवर्तनं पूर्ण होऊ द्यायची. प्लेट सुरू झाल्यावर आलेला नमुना पुढच्या प्लेटची वाट बघतो. आणि प्रत्येक नमुन्यात एक अंतर्गत कंट्रोल, म्हणजे चाचणी नीट चालली की नाही ते दाखवणारी खूण, असतो. तो उमटलाच नाही तर निकाल ना पॉझिटिव्ह ना निगेटिव्ह, चाचणी पहिल्यापासून करावी लागते, कधीकधी स्वॅबच नव्याने घ्यावा लागतो. म्हणून मुदतीच्या अगदी शेवटच्या टोकाला नमुना देऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगायचो. मुदत ७२ तासांची असेल तर सुटण्याच्या साधारण ४८ तास आधी नमुना द्या. गडबड झालीच तर दुसऱ्या नमुन्याला जागा राहते.

देशांनी यातलं काय मानलं? अमेरिकेने अँटिजेन आणि मॉलिक्युलर दोन्ही मानल्या. दुबईला पीसीआरच हवी होती, वर भारतातून जाणाऱ्यांना विमान सुटायच्या काही तास आधी विमानतळावर रॅपिड पीसीआर करावी लागे. ती अट फेब्रुवारी २०२२ मध्ये उठली. ब्रिटनने चाचणीचं नाव सांगण्याऐवजी तिची कुवत सांगितली होती: विशिष्टता (निरोगी माणसाला निगेटिव्हच ठरवणं) किमान ९७ टक्के आणि एका मिलिलिटरमध्ये एक लाखाहून जास्त विषाणू-प्रती असताना संवेदनशीलता (लागण झालेल्याला पकडणं) किमान ८० टक्के. जपानने तर स्वतःचा छापील नमुनाच दिला होता, त्यावर डॉक्टरची सही लागायची आणि नमुना शरीरातून कुठून घेतला तेही मोजलं जायचं. नुसत्या घशातल्या स्वॅबवर केलेली चाचणी तिथे चालत नव्हती. जपानची अट २९ एप्रिल २०२३ ला संपली.

घरी स्वतः करायच्या किटचा प्रश्न पुन्हापुन्हा येतो. पुण्याच्या मायलॅबच्या कोविसेल्फ किटला आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, मे २०२१ मध्ये मान्यता दिली आणि तेव्हापासून लोकांना वाटत आलं, की मान्यता आहे म्हणजे प्रवासालाही चालेल. चालत नव्हतं. आपणच आपली केलेली चाचणी कुणाची आहे आणि कधी केली, याला साक्षीदार नाही. अमेरिकेने घरच्या किटला परवानगी दिली तीसुद्धा व्हिडिओ कॉलवर आरोग्य कर्मचारी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघत असेल तरच. घरच्या किटचा उपयोग आहे, आणि मोठा आहे. तो पुढे सांगतो.

लॅब कोणती, याबद्दल. भारतात आयसीएमआरची मान्यता कोविड चाचणीसाठी होती आणि एनएबीएल या लॅब तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता लॅबच्या एकूण गुणवत्तेसाठी. परदेशाच्या दृष्टीने दुसरी जास्त उपयोगी, कारण वैद्यकीय लॅबला एनएबीएल जी मान्यता देते ती आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे. हाँगकाँगने तर लॅबकडे हे मानक असल्याचा कागदच मागितला होता. आमच्याकडे लोक अहवालाबरोबर एनएबीएल प्रमाणपत्राची प्रत मागायला यायचे. मान्यता असलेल्या लॅबचं चिन्ह आणि प्रमाणपत्र क्रमांक अहवालावर असतो, तो बघून घ्या. काही वेळा देशाने लॅबच ठरवून दिली. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस कॅनडाने भारतातून थेट विमानं पुन्हा सुरू केली, तेव्हा दिल्ली विमानतळावरच्या जीनस्ट्रिंग्ज या एकाच लॅबचा, सुटण्याआधी १८ तासांच्या आतला अहवाल चालत होता. त्याआधीचे काही महिने तर आणखी बिकट: भारतातली कोणतीच चाचणी कॅनडा मानत नव्हता आणि विद्यार्थ्यांना तिसऱ्या देशात उतरून तिथे चाचणी करून पुढे जावं लागलं. इथली मुलंही त्यात होती. आई-वडिलांनी शिक्षणासाठी काढलेल्या कर्जातले पैसे मालदीवच्या हॉटेलात जाताना मी ऐकले आहेत. नियम वाचून दाखवणारं कुणी नव्हतं म्हणून त्यातल्या काहींनी इथेही तीन-तीनदा चाचण्या केल्या, ज्यांचा कॅनडासाठी काहीच उपयोग नव्हता. त्यांना एखाद्या लॅबने आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं, हे मला आजही वाटतं.

क्यूआर कोडबद्दल थोडं. तो शोभेला नसतो. स्कॅन केल्यावर लॅबच्या सर्व्हरवरची मूळ प्रत उघडते आणि काउंटरवरची व्यक्ती ती हातातल्या कागदाशी ताडून बघते. तारीख बदललेली पीडीएफ तिथेच पकडली जाते. 'गॅरंटीने निगेटिव्ह' देणारे लोक तेव्हा होते आणि गरज पडली तर पुन्हा उगवतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. खोट्या कागदावर गुन्हा दाखल होतो ही एक गोष्ट. त्याहून मोठी ही, की जहाजावर दोन-तीन हजार माणसं एकाच जेवणघरात जेवतात आणि त्यातले पुष्कळ तुमच्या आई-बाबांच्याच वयाचे असतात.

हे मी घाबरवायला सांगत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस जहाज अडकलं, त्यावर ३,७११ माणसं होती आणि सातशेहून जास्त जणांना लागण झाली. जहाजावर शंभराहून जास्त भारतीय कर्मचारी होते. गोव्यातली आणि कोकणातली किती घरं जहाजावरच्या नोकरीवर चालतात ते आपल्याला माहीत आहे. त्या घरांनी ते आठवडे कसे काढले असतील याची कल्पना करा. पुढे जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला मुंबई-गोवा फेरीवरच्या कॉर्डेलिया जहाजावर मुरगाव बंदरात चाचण्या घेतल्या तेव्हा सुमारे दोन हजार माणसांपैकी ६६ जण पॉझिटिव्ह निघाले. क्रूझ कंपन्या ते वाक्य अटींमध्ये अजून ठेवतात ते याच अनुभवामुळे.

एक अडचण अशी, की जिच्यात प्रवाशाचा काही दोष नसतो. कोविड होऊन गेला, माणूस ठणठणीत आहे, आणि आरटी-पीसीआर पॉझिटिव्हच येते. कारण ही चाचणी आरएनएचे तुकडे शोधते, ते जिवंत विषाणूचे आहेत की मेलेल्या, ते तिला कळत नाही. काही जणांत हे तुकडे कित्येक आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत सापडतात. विषाणू दिसायला मशीनची किती आवर्तनं लागली तो आकडा म्हणजे सीटी; आकडा मोठा तितका विषाणू कमी. आयसीएमआरने पॉझिटिव्ह धरायची सीटी मर्यादा ३५ ठेवली होती. जुन्या संसर्गात सीटी आकडा ३२-३४ च्या घरात रेंगाळताना मी पुष्कळदा पाहिला. अशा माणसाने रोज नव्या लॅबमध्ये जाऊन निगेटिव्हची वाट बघणं म्हणजे पैसे आणि झोप दोन्ही घालवणं. अमेरिकेने यासाठी सोय ठेवली होती: गेल्या ९० दिवसांतला पॉझिटिव्ह अहवाल आणि प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरचं पत्र. आई-बाबांपैकी कुणाला क्रूझआधीच्या तीन महिन्यांत कोविड झाला, तर तो पॉझिटिव्ह अहवाल जपून ठेवा आणि कंपनीला आधीच विचारा की त्यांच्याकडे अशी सोय आहे का. शक्य असेल तिथे अँटिजेन चाचणी मागा. बरं झालेल्या माणसात ती बरीच लवकर निगेटिव्ह होते.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

क्रूझ कंपनीला आजच मेल करा. बुकिंग नंबर, जहाज सुटण्याची तारीख आणि दोघांची वयं लिहा आणि विचारा: या फेरीसाठी कोविड चाचणी लागणार आहे का, लागली तर कोणत्या प्रकारची, जहाजावर चढण्याआधी किती तास किंवा दिवस, भारतातला अहवाल चालेल की सिंगापूरमधला, आणि अट बदलली तर कधीपर्यंत कळवणार. वाटेतल्या बंदरांबद्दलही विचारा, कारण जहाज मलेशिया किंवा थायलंडला लागणार असेल तर त्यांचाही शब्द चालतो. जो नियम सगळ्यात कडक तो आपला, असं धरून चालायचं. उत्तराची छापील प्रत बाबांच्या पासपोर्टजवळ ठेवा. हीच चौकशी निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा करा. सिंगापूरच्या एसजी अरायव्हल कार्डमध्ये आरोग्याची माहिती भरावी लागते. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत, सरकारी संकेतस्थळावर, मोफत भरता येतं. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते बंद करा.

चाचणी लागलीच, तर आधी लॅबला फोन करा. आता पूर्वीसारखी परिस्थिती नाही. त्या काळात गल्लोगल्ली सुरू झालेल्या मॉलिक्युलर लॅब मागणी ओसरल्यावर बंद झाल्या आणि कोविडचे नमुने बऱ्याच ठिकाणी जमा करून मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवले जातात. तुम्ही विचारायचं ते एवढंच: चाचणी इथेच होते की बाहेर जाते, रोज होते की ठरावीक दिवशी, रविवारी अहवाल मिळतो का, आणि अहवालावर पासपोर्ट नंबर, नमुन्याची वेळ आणि क्यूआर कोड येतो का. कोल्हापुरात समाधान झालं नाही तर पुण्यात किंवा मुंबईत विमानाच्या आदल्या दिवशी मुक्काम करून चाचणी करा. त्या वयात एका रात्रीचा मुक्काम धावपळीपेक्षा बरा.

आणि अट नसली तरी एक गोष्ट करा, ही मी डॉक्टरकीच्या हट्टाने सांगतो. घरच्या अँटिजेन किटचे दोन-तीन नग बरोबर द्या. निघण्याआधी कुणाला सर्दी, घसादुखी, कणकण वाटली तर चाचणी करा आणि निगेटिव्ह आली तरी ४८ तासांनी पुन्हा करा. पहिल्या दिवशी अँटिजेन चाचणी चुकू शकते. पॉझिटिव्ह आली तर प्रवास पुढे ढकला. त्यासाठी प्रवास विमा घेताना, आजारामुळे सहल रद्द झाली तर पैसे मिळतात का आणि त्यात कोविड धरलेला आहे का, ही दोन कलमं आत्ताच वाचून घ्या. जहाजावर चढताना आरोग्याचा फॉर्म भरून घेतात, त्यात ताप, उलट्या, जुलाब विचारतात. तो खरा भरा. हल्ली जहाजांवर कोविडपेक्षा नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांची धास्ती जास्त असते आणि सत्तरीतल्या माणसाच्या शरीरातलं पाणी बघता बघता कमी होतं. हात साबणाने धुवा असं आई-बाबांना बजावून सांगा. नोरोव्हायरसवर अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही.

जाता जाता, पुढच्या वर्षी केनियाच्या सफारीचा विचार आहे असंही तुम्ही लिहिलं आहे म्हणून सांगतो. कोविडचे नियम गेले, पीतज्वराचे (यलो फीव्हरचे) गेलेले नाहीत. केनियाहून परतताना भारत पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र मागतो आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतो. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावून उपयोग नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. ही लस जिवंत विषाणूची आहे आणि साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो. तेव्हा सफारीचं बुकिंग करण्याआधी आई-बाबांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, त्यांची औषधं दाखवा आणि मगच ठरवा.

क्रूझ कंपनीचं उत्तर आलं की त्यातली चाचणीची ओळ जशीच्या तशी मला कळवा, शिवाय विमान सुटण्याची आणि जहाज सुटण्याची तारीख-वेळ. नमुना कोणत्या दिवशी किती वाजता द्यायचा ते मी मोजून सांगतो.